घरी राहून अंतर्गत सजावटीचा अभ्यास

भारतातील बहुतेक कुटुंबांत एखादी व्यक्ती अशी असते, की जिच्या हाताला सजावटीची उपजत जाण असते. पलंग कोणत्या भिंतीला लावावा, पाहुणे येणार असले म्हणजे कोणती चादर अंथरावी, देवघरापुढील मोकळ्या जागेत रांगोळी केवढी काढावी, हे घरातील माणसे तिलाच विचारतात. पुढे शेजारीही विचारू लागतात. मग कोणीतरी सहज म्हणते, ‘‘तुम्ही हाच व्यवसाय का करीत नाही?’’ प्रश्न सहज विचारलेला असला, तरी त्याचे उत्तर सोपे नाही. या विषयाचे महाविद्यालय दूरच्या शहरात असते, त्याचे शुल्क अनेकांना परवडत नाही, आणि संसाराची किंवा नोकरीची जबाबदारी सोडून तीनचार वर्षे बाहेर राहणे फार थोड्यांना शक्य होते. अशा व्यक्तीला घरी राहून हा व्यवसाय शिकता येईल काय? शिकता येत असेल तर कितपत, आणि कोणत्या बाबतीत घराचा उंबरठा ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही? या प्रकरणात याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्वतःच्या घराची सजावट ही आवड होय. दुसऱ्याच्या घराची सजावट ही जबाबदारी होय. स्वतःच्या घरात पडद्याचा रंग चुकला, तर आपण तो पडदा निमूटपणे दोन वर्षे वापरतो. दुसऱ्याच्या घरात तीच चूक झाली, तर त्याने साठवलेला पैसा वाया जातो. मध्यमवर्गीय कुटुंब घराच्या सजावटीवर आयुष्यात एकदा, फार तर दोनदा मोठा खर्च करते. तो खर्च ज्याच्या सल्ल्याने व्हावयाचा, त्याच्या अंगी अभिरुचीखेरीज आणखीही काही असावे लागते. ते ‘आणखी काही’ मिळविणे, हाच शिक्षणाचा खरा हेतू आहे.

व्यवसायाचा उगम

अंतर्गत सजावट हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून ओळखला जाऊ लागला त्याला फार काळ लोटलेला नाही. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापर्यंत हे काम वास्तुशिल्पी, सुतार, गाद्या-पडदे करणारे कारागीर आणि फर्निचरचे व्यापारी यांच्यात वाटले गेले होते. अमेरिकेत त्याला व्यवसायाचे रूप देण्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. कँडेस व्हीलर या कलावतीच्या पुढाकाराने १८७७ साली न्यूयॉर्कमध्ये एक संस्था स्थापन झाली. ज्या स्त्रियांना उपजीविकेचे साधन नव्हते, त्यांच्या हस्तकौशल्याला बाजारपेठ मिळवून द्यावी, हा तिचा उद्देश होता. पुढे १८९५ मध्ये व्हीलरबाईंनी अंतर्गत सजावट हा स्त्रियांसाठी योग्य व्यवसाय कसा आहे, हे लेखाद्वारे मांडले. मात्र आवड म्हणजे पात्रता नव्हे, हेही त्या जाणून होत्या.

१८९७ साली कादंबरीकार ईडिथ व्हार्टन आणि वास्तुशिल्पी ऑग्डेन कॉडमन यांनी घरांच्या सजावटीवर एक ग्रंथ लिहिला. खोलीचे सौंदर्य तिच्यात भरलेल्या वस्तूंवर अवलंबून नसते, तर तिच्या भिंती, दारे आणि खिडक्या यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते, हा त्याचा मुख्य विचार. आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, एल्सी डी वुल्फ या अभिनेत्रीकडे न्यूयॉर्कमधील स्त्रियांच्या एका क्लबच्या सजावटीचे काम आले. तिने कोणत्याही शाळेत हा विषय शिकलेला नव्हता. त्या काळच्या अंधाऱ्या, जड मखमलीने आणि सामानाने कोंदलेल्या दिवाणखान्यांऐवजी तिने फिकट रंग, भरपूर उजेड आणि फुलांच्या नक्षीचे सुती कापड वापरले. हा क्लब १९०७ साली खुला झाला आणि डी वुल्फचे नाव सर्वतोमुखी झाले. इंग्रजीत ‘चिंट्झ’ म्हणून ओळखले जाणारे हे कापड म्हणजे मुळात आपली चीट किंवा छींट. कोरोमंडल किनाऱ्यावरून सतराव्या शतकात ती युरोपात गेली आणि तेथून जगभर पसरली. शाळेत न जाता या व्यवसायात नाव मिळवणाऱ्यांचे उदाहरण म्हणून डी वुल्फकडे नेहमी बोट दाखविले जाते. परंतु रंगभूमीवर घालविलेल्या वर्षांत प्रकाश, वेशभूषा आणि नेपथ्य यांचा तिने जो अनुभव घेतला होता, तेच तिचे विद्यालय होते, ही गोष्ट विसरली जाते.

भारतात या विषयाच्या औपचारिक शिक्षणाचे मार्ग मुख्यतः तीन. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेसारख्या, १८५७ पासून चालत आलेल्या कलासंस्थांचा एक. दिल्लीच्या लेडी अर्विन महाविद्यालयासारख्या, १९३२ साली सुरू झालेल्या गृहविज्ञान-संस्थांचा दुसरा. आणि वास्तुकला व अभिकल्प यांच्या संस्थांचा तिसरा. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ साली स्थापन झाली. या व्यवसायातील लोकांची देशव्यापी संघटना १९७२ साली मुंबईत उभी राहिली. त्याच वर्षी संसदेने वास्तुशिल्पींसंबंधीचा कायदा केला. त्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याखेरीज कोणालाही स्वतःला वास्तुशिल्पी किंवा ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. अंतर्गत सजावटकाराला मात्र असे कायद्याचे बंधन नाही. त्यामुळे या व्यवसायाचे दार सर्वांना उघडे आहे. पण त्यामुळेच अर्धवट तयारीने आत शिरणाऱ्यांना अडविणाराही कोणी नाही.

टपालाने आलेली शाळा

घरी राहून शिकण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८४० साली स्वस्त टपालसेवा सुरू होताच आयझॅक पिटमन याने लघुलेखनाचे धडे टपालाने पाठविण्यास आरंभ केला. अमेरिकेतील स्क्रँटन या गावी १८९१ साली खाणकामगारांसाठी पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले, आणि तेथून ही पद्धत अनेक धंद्यांत पसरली. शेरिल व्हिटन या वास्तुशिल्पीने १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये केवळ अंतर्गत सजावटीसाठी शाळा काढली. दूरवर राहणाऱ्यांसाठी तिने घरी अभ्यास करण्याचे पाठही तयार केले.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रव्यवहाराने पदवीचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. टपालाची जागा आता बव्हंशी संगणकाने आणि भ्रमणध्वनीने घेतली आहे. साधन बदलले, तरी अशा शिक्षणाचा गुण आणि दोष मात्र पूर्वीचाच राहिला. गुण असा, की विद्यार्थी आपल्या सवडीने आणि आपल्या ठिकाणी शिकतो. दोष असा, की त्याचा हात चुकत असता तो धरणारे कोणी जवळ नसते. म्हणून घरी शिकणाऱ्याने आपली चूक आपणच शोधण्याची सवय लावून घेतली पाहिजे. पुढे सांगितलेला अभ्यासक्रम याच हेतूने रचलेला आहे.

पाहण्याचा अभ्यास

पहिला धडा डोळ्यांचा. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन अभिकल्पक दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल सादर केला. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या स्थापनेस तो कारणीभूत ठरला. भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांनी सर्वाधिक गौरव केला तो साध्या लोट्याचा. त्यात पाणी किती मावते, तो हातात, कमरेवर किंवा डोक्यावर कसा बसतो, भरलेला असता आणि रिकामा असता त्याचा तोल कसा राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते, तो घासण्यास सोपा आहे की नाही, त्याची किंमत किती, अशा अनेक दृष्टींनी त्यांनी त्याचा विचार केला.

विद्यार्थ्याने असाच अभ्यास आपल्या घरातील वस्तूंचा करावा. पाट, चौरंग, खुर्ची, दाराची कडी, फडताळाचा खण, यांपैकी रोज एक वस्तू घेऊन ती कोण, केव्हा आणि कशी वापरतो, याची नोंद वहीत करावी. जी वस्तू गैरसोयीची वाटते, ती का गैरसोयीची आहे, हे शब्दांत लिहावे. ‘चांगली दिसते’ किंवा ‘बरी वाटत नाही’ असे लिहून थांबू नये. कारण सांगता येणे, हीच आवड आणि विद्या यांमधील सीमारेषा होय.

याचबरोबर आपल्या प्रदेशातील जुनी घरे पाहावीत. हवामान, उपलब्ध साहित्य आणि राहणी यांचा मेळ त्यांत शेकडो वर्षांच्या अनुभवाने साधलेला असतो. केरळच्या नालुकेट्टूतील मधला उघडा चौक घरात हवा आणि उजेड खेळवतो, तर उतरते, खाली आलेले छप्पर पाऊस आणि ऊन भिंतींपासून दूर ठेवते. जैसलमेरच्या हवेल्यांतील दगडी जाळ्या उन्हाची धग कमी करूनही वारा आत येऊ देतात. काश्मीरमधील खतमबंद छतात लाकडाचे लहान लहान तुकडे खिळ्यांवाचून एकमेकांत बसविलेले असतात. थंड प्रदेशात लाकडी छताची ऊबही मिळते. बंगाल आणि आसाममधील शीतलपाटी उकाड्यात अंगाला गार लागते. गुजराती घरातील हिंडोळा बसण्याचे आसन असून वाराही देतो. चेट्टिनाडमधील अत्तंगुडीच्या फरश्या काचेच्या तुकड्यावर रंगीत सिमेंट ओतून हाताने केल्या जातात. महाराष्ट्रातील वाड्याची ओसरी परक्याला घरात घेते, पण माजघराचा खाजगीपणा राखते. या सर्व गोष्टी शोभेच्या आहेत. परंतु शोभा हे त्यांचे पहिले प्रयोजन नव्हते. आधुनिक सदनिकेत हिंडोळा किंवा जाळी केवळ चित्रासारखी लावून ठेवणाऱ्याने हा धडा घेतला नाही, असे म्हणावे लागेल.

मोजपट्टी आणि कागद

दुसरा धडा मोजमापाचा. त्यासाठी पोलादी टेप, आलेख-कागद, पेन्सिल आणि पट्टी एवढे साहित्य पुरते. प्रथम आपली राहती खोली मोजावी. चारही भिंती, दोन्ही कर्ण, दारे-खिडक्यांची रुंदी, उंची आणि कोपऱ्यापासूनचे अंतर, तुळईची उंची, विजेची बटणे, नळ आणि मोऱ्या, हे सारे टिपावे. कर्ण मोजण्याचे कारण असे, की खोलीचे कोपरे क्वचितच अचूक काटकोनात असतात. काटकोनी खोलीचे दोन्ही कर्ण सारखे भरतात. ते सारखे भरले नाहीत, तर भिंतीला भिडवून करावयाचे कपाट एका टोकाला अडेल आणि दुसऱ्या टोकाला फट सोडील.

मग पन्नासास एक या प्रमाणात नकाशा काढावा. म्हणजे खोलीतील एक मीटर कागदावर दोन सेंटिमीटर होईल. त्याच प्रमाणात पलंग, कपाट, मेज यांचे जाड कागदाचे तुकडे कापून ते नकाशावर सरकवून पाहावेत. एक उदाहरण घेऊ. खोली ३.६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. दोन माणसांचा पलंग १.९ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद आहे. कपाटाची खोली ६० सेंटिमीटर. पलंगाचे उसे लांब भिंतीला लावले आणि कपाट समोरच्या भिंतीला ठेवले, तर मधे राहणारी जागा अशी: ३ मीटरमधून १.९ आणि ०.६ वजा जाता अर्धा मीटर. कपाटाचे दार ४५ सेंटिमीटर रुंद असेल, तर ते उघडेल खरे. पण ते उघडणाऱ्याला उभे राहण्यास जागा उरणार नाही. आता पलंगाचे उसे आखूड भिंतीला लावू आणि कपाट त्याच्या पायथ्याकडील भिंतीला ठेवू. ३.६ मधून १.९ आणि ०.६ वजा जाता १.१ मीटर उरतात, आणि तेवढ्या जागेत दार उघडून वाकता येते. ही गोष्ट कागदावर पाच मिनिटांत कळते. कपाट तयार झाल्यावर कळली, तर तिची किंमत मोठी असते.

माणसाच्या शरीराची मापेही अशीच वहीत उतरावीत. जेवणाच्या मेजाची उंची साधारणतः ७५ सेंटिमीटर, खुर्चीच्या बैठकीची ४२ ते ४५, आणि ये-जा करण्याची वाट किमान ७५ ते ९० सेंटिमीटर असावी. परंतु पुस्तकातील माप हा आरंभ आहे, शेवट नव्हे. स्वयंपाकाचा ओटा सरसकट ८५ सेंटिमीटरचा करण्याऐवजी तेथे उभे राहून काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराची उंची मोजावी आणि ओटा त्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली ठेवावा. घरातील वृद्ध स्त्री भाजी निवडण्यास आणि चिरण्यास खाली बसत असेल, तर तिच्यासाठी जमिनीवर मोकळी, कोरडी जागा राखणे हेही सजावटकाराचेच काम आहे. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. खोल्यांची किमान मापे, वायुवीजन आणि आगीपासून संरक्षण यांविषयीचे तिचे भाग विद्यार्थ्याने अवश्य वाचावेत.

रंग आणि उजेड

रंगसंगतीचे नियम पुस्तकातून लवकर समजतात. फिकट रंगाने खोली मोठी भासते, गडद रंगाने भिंत जवळ आल्यासारखी वाटते, चक्रावर समोरासमोर येणारे रंग एकमेकांना उठाव देतात, हे सर्वांना ठाऊक असते. कठीण भाग असा, की रंग एकटा कधीच नसतो. त्याच्यावर पडणारा उजेड बदलला की तोही बदलतो. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड दिवसभर बराचसा स्थिर असतो. पश्चिमेच्या खिडकीतील उजेड संध्याकाळी तांबूस होतो. पिवळसर प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली निळा रंग मळकट दिसतो, आणि पांढऱ्या थंड प्रकाशात तोच प्रखर वाटतो.

म्हणून दुकानातील रंगपत्रिकेवरील अंगठ्याएवढ्या चौकोनावरून निर्णय घेऊ नये. रंगाचा लहान डबा आणून प्रत्यक्ष भिंतीवर साधारण ६० सेंटिमीटरचा चौरस दोन हात देऊन रंगवावा आणि तो सकाळी, दुपारी व रात्री दिवे लावून पाहावा. असे चौरस निरनिराळ्या दिशांच्या भिंतींवर काढून प्रत्येकाची नोंद ठेवली, तर महिन्याभरात विद्यार्थ्याला जे कळते, ते अनेक ग्रंथ वाचूनही कळत नाही. दिव्यांचाही असाच प्रयोग करावा. छताच्या मध्यभागी एकच प्रखर दिवा लावण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याऐवजी वाचण्याच्या जागी, ओट्यावर आणि आरशाजवळ आवश्यक तेवढा उजेड दिला, तर तीच खोली अधिक सोयीची आणि शांत वाटते. ओट्यावर काम करणाऱ्याच्या पाठीमागे दिवा असेल, तर त्याची स्वतःचीच सावली चिरण्याच्या फळीवर पडते, एवढे जरी ध्यानात आले तरी हा धडा फुकट गेला नाही.

साहित्य आणि हिशेब

तिसरा धडा बाजारात शिकावा लागतो. लाकूड, प्लायवूड, फरशी, कापड, रंग, बिजागऱ्या यांचे नमुने गोळा करून प्रत्येकावर नाव, माप, भाव आणि तारीख लिहून ठेवावी. हा संग्रह म्हणजे विद्यार्थ्याचा शब्दकोश होय. नमुना नुसता ठेवू नये. त्याचा कस पाहावा. प्लायवूडचा तुकडा दोन दिवस पाण्यात ठेवला, तर त्याचे थर सुटतात की नाही हे दिसते. कापडाची चिंधी धुऊन उन्हात वाळवावी आणि मूळ तुकड्याशी ताडून पाहावी. फरशीवर हळद आणि तेल सांडून तासाभराने पुसावे. कोकणातील किंवा कोलकात्यातील दमट हवेत आणि राजस्थानच्या कोरड्या हवेत एकाच वस्तूचे आयुष्य सारखे नसते, याचेही भान ठेवावे. देशातील हातकामाच्या परंपराही याच संग्रहात आल्या पाहिजेत: संखेड्याचे लाखकाम केलेले कातीव फर्निचर, सावंतवाडीचे रंगीत लाकूडकाम, पोचमपल्लीचे विणकाम, सांगानेर आणि बगरू येथील ठशांची छपाई. त्यांची नावे घेणे पुरेसे नाही. कोणते कापड आसनाची झीज सोसेल आणि कोणते केवळ भिंतीवरच शोभेल, हे माहीत असले पाहिजे.

साहित्याच्या मापातून हिशेब सुरू होतो. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे साधारण २४४ सेंटिमीटर बाय १२२ सेंटिमीटर असतो. पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या ४० सेंटिमीटर रुंद ठरविल्या, तर त्या रुंदीत तीन पट्ट्या बसतात आणि करवतीत जाणारा भुसाही भागतो. त्याच फळ्या ४५ सेंटिमीटरच्या केल्या, तर दोनच पट्ट्या निघतात आणि ३२ सेंटिमीटरचा तुकडा उरतो. पाच सेंटिमीटरच्या हौसेपायी एक तृतीयांश फळ्या कमी झाल्या. उरलेला तुकडा दुसरीकडे वापरण्याची योजना आधीच केली असेल तर गोष्ट वेगळी.

रंगकामाचा हिशेबही असाच करावा. वर सांगितलेल्या खोलीची उंची २.७५ मीटर धरू. भिंतींचा एकूण घेर १३.२ मीटर, त्याला उंचीने गुणले असता ३६.३ चौरस मीटर येतात. ०.९ बाय २.१ मीटरचे एक दार आणि १.५ बाय १.२ मीटरची एक खिडकी वजा करता ३२.६१ उरतात. छताचे १०.८ मिळविले, की एकूण ४३.४१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४६७ चौरस फूट झाले. रंगाऱ्याने मजुरी सांगितली, की ती लांबी भरणे, अस्तराचा हात आणि रंगाचे दोन हात यांसह आहे किंवा कसे, हे विचारावे आणि लिहून घ्यावे. बहुतेक भांडणे न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात.

पडद्याचे उदाहरण आणखी बोधप्रद आहे. दीड मीटर रुंदीच्या खिडकीला चुण्या चांगल्या पडाव्यात म्हणून दुप्पट, म्हणजे तीन मीटर रुंद कापड हवे. कापडाचा पन्हा १.२ मीटर असेल, तर अडीच पन्हे लागतात. अर्धा पन्हा विकत मिळत नाही, म्हणून तीन घ्यावे लागतात. पडदा जमिनीपर्यंत २.१ मीटर, आणि वरखाली दुमडण्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक पन्ह्याची लांबी २.४ मीटर. एकूण ७.२ मीटर. परंतु कापडावर दर ६४ सेंटिमीटरला परत येणारी नक्षी असेल, तर शिवणीवर फुलाला फूल जुळण्यासाठी प्रत्येक पन्हा चार पूर्ण आवर्तनांचा, म्हणजे २.५६ मीटरचा कापावा लागेल, आणि कापड ७.६८ मीटर लागेल. हा अर्धा मीटर ज्याने धरला नाही, त्याच्यावर दुकानात परत जाण्याची पाळी येते, आणि तोवर तो ठाण संपलेला असतो.

घरात शिकता न येणाऱ्या गोष्टी

आतापर्यंत सांगितलेले बहुतेक सर्व घरी शिकता येते. यापुढील भागासाठी मात्र घराबाहेर पडलेच पाहिजे. सुताराच्या कारखान्यात, गवंड्याच्या हाताखाली आणि चालू बांधकामावर काही महिने घालविल्याखेरीज हे शिक्षण पुरे होत नाही. लाकडाचे सांधे कसे बसतात, रंध्याने काय होते, ओळंबा आणि गुण्या कशासाठी लावतात, गिलावा वाळण्यास किती दिवस द्यावे लागतात, हे पाहिल्यावाचून कारागिराला सूचना देता येत नाही. अनुभवी कारागीर नवख्या माणसाचे अज्ञान दोन वाक्यांत ओळखतो. त्यावेळी ज्ञानाचे सोंग आणण्यापेक्षा ‘मिस्त्री, हे कसे करतात ते मला दाखवा’ असे म्हणणारा अधिक मान मिळवतो आणि अधिक शिकतो.

काही कामे अशीही आहेत, की त्यांत सजावटकाराने स्वतःच्या अधिकारावर हात घालूच नये. खोली मोठी करण्यासाठी भिंत पाडावी, ही सूचना वारंवार पुढे येते. ती भिंत वरच्या मजल्याचा भार वाहत असेल, तर तिला धक्का लावणे म्हणजे साऱ्या इमारतीचा जीव धोक्यात घालणे होय. खांब आणि तुळया यांना छेद देणे तर सर्वथा वर्ज्य. अशा ठिकाणी संरचना अभियंत्याचे लेखी मत, तसेच नगरपालिकेची आणि गृहनिर्माण संस्थेची आवश्यक ती परवानगी घेतलीच पाहिजे. विजेची जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी, आणि पाणी तापविण्याच्या यंत्रासाठी स्वतंत्र, अर्थिंग केलेली जोडणी ठेवावी. न्हाणीघराची फरशी बदलताना खालचा जलरोधक थर फुटला, तर शेजाऱ्याच्या छतातून पाणी गळू लागते. या गोष्टी छायाचित्रांत दिसत नाहीत. घर मात्र त्यांच्यावरच उभे असते.

पहिले काम

अभ्यास वर्षदीड वर्ष नेटाने झाल्यावर पहिले काम लहान घ्यावे: एखादी मुलांची खोली, एखाद्या डॉक्टरांची रुग्णांना बसण्याची जागा, किंवा गावातील वाचनालयाचा एक कोपरा. तत्पूर्वी घरमालकाची मुलाखत घ्यावी. घरात किती माणसे, कोण कोठे झोपते, अभ्यास कोठे होतो, कपडे कोठे वाळतात, पाहुणे किती वेळा येतात, देवपूजा कोणत्या वेळी होते, आणि खर्चाची मर्यादा किती, हे सर्व विचारून लिहून घ्यावे. शेवटचा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो. तो टाळणारा सजावटकार पुढे हमखास अडचणीत येतो. अंदाजपत्रकात साहित्य, मजुरी, वाहतूक आणि आपले शुल्क स्वतंत्रपणे दाखवावे, आणि अकल्पित खर्चासाठी काही रक्कम राखून ठेवावी.

शुल्काच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती कोणत्याही अभ्यासक्रमात ठळकपणे येत नाही. या धंद्यात गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्याला दुकानदार गुपचूप दलाली देऊ करतो. ती घेणाऱ्या सजावटकाराचा सल्ला त्या क्षणापासून निःपक्षपाती राहत नाही. कारण स्वस्त वस्तू सुचविली, तर त्याचेच नुकसान होते. आपले शुल्क उघडपणे ठरवून घ्यावे, आणि दुकानातून मिळणारी सूट घरमालकाच्या हिशेबात जमा करावी. लहान गावात ही गोष्ट महिन्याभरात सर्वांना कळते, आणि दुसरे काम बहुधा तिच्यामुळेच मिळते.

प्रमाणपत्राचा मोह अनेकांना असतो, आणि तो मिळवून देण्याची आश्वासने देणाऱ्या जाहिरातींनाही तोटा नाही. मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र उपयोगी पडते, यात शंका नाही. मोठ्या कार्यालयात नोकरी हवी असेल, तर रीतसर पदविका किंवा पदवी घ्यावी हेच उत्तम. परंतु घरमालक प्रमाणपत्राकडे एकदाच पाहतो आणि कपाटाचे दार रोज उघडतो. ते दार सहज उघडावे, त्यासमोर उभे राहण्यास जागा असावी, आणि त्यासाठी मोजलेला पैसा सार्थकी लागला असे त्याला पाच वर्षांनीही वाटावे, एवढी जबाबदारी ज्याला पेलता येईल, त्याने घरी राहून का होईना, या व्यवसायाचे शिक्षण पुरे केले असे खुशाल समजावे.